बाईंनी सोडलेला शब्द

व्हॉट्सॲपचा ग्रुप निघतो तो कामासाठी, आणि महिन्याभरात त्यावर फुलं, दिवे आणि सुविचारांचा आठवडी बाजार भरतो. निकिताने काढलेला नर्सेसचा ग्रुप तेवढा या रोगातून वाचला होता. कुणी सकाळी गुलाबाचं फूल टाकायचा अवकाश, लगेच तिचा निरोप येई, "ताई, हा शिकायचा ग्रुप आहे." आईच्या वयाच्या बायकांनाही ती सोडत नसे. बायका मुकाट्याने फूल मागे घेत आणि घरी बसून तिच्या नावाने बोटं मोडत.

निकिता ढाणकीच्या दवाखान्यात कंत्राटावर लागलेली तरुण नर्स. तिच्याबरोबर ड्यूटी करणारी कौसल्या राठोड तिथली सगळ्यांत जुनी, रिटायरमेंट उंबरठ्यावर आलेली. दोघींची जोडी पाहणाऱ्याला वाटे, यांचं एक दिवस जमायचं नाही. पण जमलं. निकिताने कौसल्येला फोनवर शिकायला लावलं. आधी नवजात बाळाला श्वास कसा द्यायचा त्याचा व्हिडिओ, मग सरकारी ॲपवरचे पाठ, मग त्या पाठांच्या परीक्षा. पहिली परीक्षा पास झाल्यावर पडद्यावर फटाके उडाले, तेव्हा कौसल्येने तो फोन नवऱ्याला दाखवला, जावेला दाखवला, आणि शेवटी भाजीवालीलाही दाखवला. "या वयात माही कोण परीक्षा घ्यायले बसलं होतं व," असं म्हणत होती, पण चेहरा फुलला होता.

ग्रुपवर जिल्ह्यातल्या कितीतरी नर्सेस होत्या. एखादीला अडलं की ती विचारी, माहीत असलेली सांगे, निकिता त्याचं सुबक कार्ड बनवून टाकी. ठळक अक्षरं, खाली सांगणारीचं नाव. ही कार्डं फिरत फिरत पार दुसऱ्या जिल्ह्यांत जात. एके दिवशी निकिता म्हणाली, "ताई, सगळ्या शिकणाऱ्याच झाल्या ग्रुपवर. कोणी जुनं, अनुभवाचं माणूस पाहिजे."

कौसल्येच्या तोंडून लगेच नाव निघालं, "आमच्या ट्यूटरबाई हाय न."

हंसाबाई मनवर. यवतमाळच्या ट्रेनिंगमध्ये कौसल्येच्या बॅचला बाळंतपण शिकवलं ते त्यांनी. लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, सगळा जन्म होस्टेलच्या एका खोलीत आणि प्रसूतीच्या टेबलापाशी काढला. आता ऐंशीच्या आसपास, बोरी अरबला पुतण्याच्या घरी राहत होत्या.

"ऐंशीच्या?" निकिताने तोंड वाकडं केलं. "त्यांचं सगळं जुनं असन न ताई. आता पद्धती बदलल्या."

"जुनं हाय, पण किडलं नाही. माह्या भरवशावर घे तिले. उलटसुलट झालं तर मले बोलजो."

असं बोलून माणूस मोकळा होतो, आणि बोललेलं मागाहून उभं राहतं. ते पुढे येईलच.

हंसाबाई ग्रुपवर आल्या आणि रमल्या. टाइप करणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून बोलून पाठवायच्या. पुतण्याची बायको भागीरथा कौसल्येला फोनवर सांगायची की दुपारचं जेवण झालं की म्हातारी पांढरी, कडक इस्त्रीची साडी नेसते, केस विंचरते, खुर्चीत ताठ बसते आणि मग फोनच्या माईकवर अंगठा ठेवते. भागीरथा एकदा म्हणाली, "आत्या, तिकडं आवाजच तर जाते. साडी कोण पाह्यते?" त्यावर बाईंचं उत्तर, "मी पाह्यतो न."

दुपारची ओपीडी आटोपून नर्सेस चहाला टेकल्या की बाईंचा पाठ येई. बाईंपाठोपाठ ग्रुपवर आलेल्या जुन्या बॅचच्या बायका जिथे असतील तिथे कान टवकारत. कुणी दारव्ह्याला, कुणी दिग्रसला, कुणी महागावला. सगळ्या आता आज्या झालेल्या, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला साखर. पण तो आवाज आला की पाठीचा कणा आपोआप सरळ होई. कौसल्या तर डोळे मिटून घेई आणि तिला तो वर्ग जसाच्या तसा दिसे.

लांबट वर्ग, कौलांतून येणारी उन्हाची पट्टी, टेबलावर कापडी बाळ आणि कमरेच्या हाडांचा लाकडी सांगाडा. बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. त्या वाक्य कधी पुरं करत नसत. शेवटचा शब्द सोडून देत, आणि तो वर्गाने म्हणायचा. "हात धुतल्याशिवाय बाळंतिणीले शिवायचं..." असं म्हणून त्या थांबत, हनुवटी वर करत, आणि सगळ्या मुली एका सुरात म्हणत, "नाही." "झटके आले म्हणून तिच्या तोंडात चमचा कोंबायचा..." "नाही." "रडली म्हणून तिच्यावर ओरडायचं..." "नाही." बाई म्हणायच्या, "मी म्हणलेलं तुम्ही विसरसान. तुम्ही म्हणलेलं तुम्हाले जन्मभर याद राहीन."

कौसल्या फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून आलेली. घरी बंजाऱ्यांची गोर बोली, मराठी शाळेपुरती, आणि तीही घाबरत. होस्टेलच्या मुली मागून हसत, म्हणून पहिले कितीतरी दिवस ती तोंड उघडायची नाही. फक्त बाईंच्या तासाला, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज लपवून, तो एक शब्द म्हणायची. एकदा घाईत तिच्या तोंडून घरच्या बोलीतलं "कोनी" निघून गेलं, आणि नेमका त्याच क्षणी बाकीचा वर्ग गप्प होता. अख्खा वर्ग हसला. बाईंनी टेबलावर हात आपटला. "हसाले काय झालं? कोनी म्हणा का नाही म्हणा, अर्थ एकच हाय. अन् तिनं तुमच्या आधी म्हणलं." त्या दिवसापासून कौसल्येची जीभ सुटली ती आजतागायत. आज दवाखान्यात तिचं तोंड बंद कसं करावं हा सगळ्यांपुढे प्रश्न असतो.

त्या सगळ्या "नाही"मध्ये बाईंचा जीव एका "नाही"त अडकलेला होता. बाळंतीण अडली की कुणीतरी वर चढून तिचं पोट दाबायचं आणि बाळ खाली ढकलायचं, ही खोड गावोगाव आहे. घरी सासू दाबते, आणि खोटं कशाला बोला, दवाखान्यातही कुणी पाहत नसलं की दाबतात. दाबणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय. आत गर्भाची पिशवी फाटते, बाळ गुदमरतं, आणि दोष नशिबाला. नोकरीच्या सुरुवातीला बाईंनी अशी एक पोर डोळ्यांदेखत गमावली होती. तिचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, पण हे वाक्य त्या बॅचमागून बॅचला शिकवत राहिल्या. कितीही घाई असो, डॉक्टर सांगो की खुद्द तिची आई सांगो, वरून पोट दाबायचं नाही.

तर एका दुपारी हाच पाठ आला. कौसल्या चहा गाळत होती. फोन खिडकीत ठेवलेला. बाईंचा आवाज खोलीभर पसरला. कळा कशा मोजाव्यात, बाईला कुशीवर कसं वळवावं, धीर कसा द्यावा. आणि शेवटी, "कोणी कितीबी म्हणलं तरी एक याद ठेवजा पोरी हो. वरून पोट दाबायचं..."

"नाही," कौसल्या म्हणाली, आणि गाळणीतली चहापत्ती झटकली. तिला बरं वाटलं. सगळं जिथल्या तिथे असल्यासारखं वाटलं.

निकिताने सवयीप्रमाणे त्या पाठाचं कार्ड बनवलं. आवाजाचं लिखाण करून देणारी सोय तिच्या फोनमध्ये होती. ते लिखाण तिने वाचलं, थोडी अडखळली, परत ऐकलं. पुस्तकात उलटं शिकलो होतो हे तिला आठवत होतं. पण पुस्तकात एक आणि लेबर रूममध्ये दुसरं, हे तिने नोकरीत इतक्यांदा पाहिलं होतं की तिला वाटलं, एवढ्या अनुभवी बाई सांगतात तर काहीतरी असेल. विचारायला हवं होतं. पण त्या दिवशी दोन बाळंतपणं एकदम आली, विचारायचं राहिलं, आणि कार्ड गेलं.

पुढच्या आठवड्यात कौसल्या ड्यूटीवर आली तर निकिता औषधांच्या कपाटाला पाठ लावून उभी होती. चेहरा पार उतरलेला. ग्रुपमध्ये असलेल्या तालुक्याच्या डॉक्टरांचा निरोप तिने पुढे केला. शेजारच्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा दवाखान्यात एका बाळंतिणीचं पोट तिच्या सासूने दाबलं होतं. तिथली नर्स एरवी सासूला बाहेर काढायची. त्या दिवशी तिला फोनवर आलेलं कार्ड आठवलं आणि ती बाजूला झाली. बाईला आतून रक्तस्राव झाला, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, टाके पडले. आई आणि बाळ दोघं वाचली, एवढंच. डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं, "ही हंसाबाई कोण? हिला आजच्या आज ग्रुपवरून काढा. हिने चुकीचं शिकवलं असा खुलासा सगळीकडे पाठवा."

कार्डही खाली होतं. लाल, ठळक अक्षरं: वरून पोट दाबायचं. आणि त्याखाली हंसाबाई मनवर.

ज्या गोष्टीसाठी बाईंनी जन्म काढला, तीच त्यांच्या नावावर उलटी होऊन गावभर फिरत होती. कौसल्येला राग आला, आणि राग आला की ती माणूस पाहत नाही.

"तू उलटं लिहिलं," ती म्हणाली. "एक शब्द खाल्ला तू. एका म्हाताऱ्या बाईच्या नावाले काळं फासलं."

"मी नाही खाल्ला, ताई. जसं हाय तसंच लिहिलं."

"मी ह्या कानानं ऐकलं. नाही म्हणल्या बाई. साफ म्हणल्या."

निकिताने फोन टेबलावर ठेवला आणि तो पाठ लावला. दोघी वाकून ऐकू लागल्या. कळा, कुशीवर वळवणं, धीर. मग, "वरून पोट दाबायचं..."

"नाही," कौसल्या म्हणाली. "हे पाह्य. आलं का नाही?"

निकिताचे डोळे भरले होते, पण आवाज शांत होता. "ताई, ते तुम्ही म्हणल्या."

"मी कायले म्हणू?"

"आत्ता म्हणल्या. परत लावतो. ह्या बारीनं काही बोलू नका."

निकिताने परत लावलं. कौसल्येने ओठ घट्ट मिटले. "वरून पोट दाबायचं," एवढं आलं, आणि पुढे काही नाही. थोडा श्वास, खुर्चीची कुरकुर, आणि अंगठा उचलल्याचा बारीक आवाज. बाई थांबल्या होत्या. हनुवटी वर करून, बोरी अरबच्या त्या खोलीत, समोर वर्ग बसला आहे असं धरून थांबल्या होत्या. आणि वर्गाने उत्तर दिलंही होतं. ढाणकीत, दिग्रसला, दारव्ह्याला, जी जिथे होती तिथे. फक्त ते कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

खात्री करायला म्हणून कौसल्येने बॅचच्या रुक्माबाईला दिग्रसला फोन लावला. "बाईचा पोटाचा पाठ ऐकलता का तू? त्यात नाही म्हणल्या का?"

"म्हणल्या न. काहून?"

"परत ऐक अन् सांग. तोंड बंद ठेवून ऐकजो."

रुक्माबाईने फोन ठेवून पाठ परत ऐकला आणि उलट फोन केला. हळूच म्हणाली, "कौसल्ये, हे तर मीच म्हणून राह्यली व."

निकिताने ते कार्ड ताबडतोब काढलं, ते चुकीचं असल्याचं मोठ्या अक्षरांत लिहून जिथे जिथे गेलं असेल तिथे पाठवलं, आणि चूक आपली आहे असं खाली स्वतःच्या नावासकट टाकलं. पोरगी हट्टी असली तरी खरी होती. पण डॉक्टर ऐकेनात. त्यांचं म्हणणं, आवाज तर बाईंचाच आहे ना? उद्या पुन्हा असंच अर्धवट बोलल्या तर? तेही खोटं नव्हतं. शेवटी कौसल्येने स्वतः फोन करून एक दिवस मागून घेतला. "मी जाऊन बाईशी बोलतो साहेब. मंग तुम्हाले जे कराचं ते करा."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि एसटी धरली. पुसदला गाडी बदलली, दारव्ह्याला परत बदलली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या. एरवी शेजारणीशी गप्पा छाटल्याशिवाय कौसल्येचा प्रवास होत नसे. त्या दिवशी ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होती. बाई, तुमचं काही चुकलं नाही. बाई, नवीन पोरींना ठाऊक नव्हतं. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर येऊन मोडत होतं. एका बाजूने बाईंची ती दुपार जात होती, ती इस्त्रीची साडी, तो अंगठा. दुसऱ्या बाजूने कुठल्याशा गावात एका बाईच्या पोटाला टाके पडले होते. यातलं काय आधी सांगायचं ते तिला कळत नव्हतं.

बोरी अरबला भागीरथेने दार उघडलं. आत बाई खुर्चीत बसल्या होत्या, जेवण झालेलं, साडी नेसलेली. पाठाची वेळ झाली होती. कौसल्येला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"जय भीम, बाई," कौसल्येने वाकून पाय शिवले.

"जय भीम. ये व माय, ये. किती वाळली तू. आज तुह्यासमोरच पाठ देतो, बैस."

"पाठ थांबवा थोडं, बाई. एक सांगायचं हाय."

आणि तिने सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. जसं घडलं तसं सांगितलं, कार्ड, सासू, टाके, सगळं. बाईंचा एक कान कमी चालतो, म्हणून दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, आणि ते तिला सगळ्यांत जड गेलं. स्वयंपाकघरात भागीरथा भांडी घासायची थांबली.

बाईंनी पहिली गोष्ट विचारली, "बाई कशी हाय ते?"

"बरी हाय आता. घरी गेली. लेकरूही बरं हाय."

"पिशवी ठेवली का काढली?"

"ठेवली, बाई."

बाईंनी मान हलवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. "माह्याच आवाजानं झालं मंग," त्या म्हणाल्या.

"तुमचं कायचं झालं बाई? आम्हाले सगळ्याहिले ऐकू आलं न नाही म्हणून. रुक्मीलेही आलं. आम्ही त्या पोरींले सांगतो, बाई थांबल्या की आपण म्हणायचं. त्याहिले सवय लावू. मी निकिताले आत्ता फोन लावतो."

"गप राह्य," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कौसल्या खरोखर गप्प बसली. "तुम्ही समोर होत्या. तुमचं तोंड मले दिसे. एखादी चुकीचं म्हणली तर तिले तिथंच धरता येत होतं. हे पोट्ट्या कुठं कुठं बसल्या हाय, त्याहिच्या पुढं बाळंतीण ओरडून राह्यली, त्याहिले मी अर्धं सांगू? अर्धं सांगणं म्हणजे न सांगण्याहून वाईट." मग म्हणाल्या, "मले वाटे तुम्ही म्हणून राह्यल्या असान."

"म्हणतच होतो, बाई," कौसल्या म्हणाली. "रोज म्हणतो. चहा गाळता गाळता म्हणतो."

बाई हसल्या. सगळं आयुष्य कारणी लागल्यासारखं, आणि तरी उशीर झाल्यासारखं हसल्या. मग फोन उचलला. "चाल. परत देऊ पाठ. साहेबाले सांगजो, बुढीनं स्वतः सांगितलं."

त्यांनी माईकवर अंगठा ठेवला. काय घडलं ते आधी सांगितलं, चूक कुणाची हे न घोळवता सांगितलं, आणि मग त्या त्या वाक्यापाशी आल्या. "कोणी कितीबी म्हणलं तरी, वरून पोट दाबायचं..." आणि थांबल्या. हनुवटी वर गेली. अंगठा आपोआप उचलला गेला.

"नाही," कौसल्या म्हणून चुकली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईंनी तो निरोप पुसायला लावला आणि परत सुरुवात केली. या खेपेला अंगठा उचलला जाऊ नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरला. तरी वाक्याच्या टोकाला आल्यावर त्या थांबल्याच, आणि त्या थांबल्या की कौसल्येच्या तोंडून तो शब्द गेलाच. इतक्या वर्षांची खोड, ती काही ठरवून जात नाही. भागीरथा दारातून म्हणाली, "असू द्या न आत्या, कौसल्याबाईचा आवाज आला तरी काय झालं?"

"उद्या कौसल्या इथं नसन," बाई म्हणाल्या. मग कौसल्येकडे वळल्या, आणि वर्गातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "राठोड, तू आता काही बोलू नोको."

ज्या बाईंनी तिला बोलायला लावलं, त्याच बाई तिला गप्प बसायला सांगत होत्या. कौसल्येने मान हलवली. पदराचा बोळा केला आणि दातांत धरला.

बाईंनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. वाक्य आलं. "वरून पोट दाबायचं..." खोलीत काही आवाज नव्हता. बाई थांबल्या, हनुवटी वर केली, समोर पाहिलं. समोर त्यांची एक म्हातारी विद्यार्थिनी बसली होती, उत्तर येत असून गप्प. क्षणभर बाईंच्या डोळ्यांत जुनं वाट पाहणं आलं, तसंच, कौलांतून उन्हाची पट्टी येणाऱ्या वर्गातलं. मग ते गेलं, आणि बाईंनी स्वतःच म्हटलं, "नाही. दाबायचं नाही."

आणि निरोप पाठवून दिला.

थोड्याच वेळात निकिताचं उत्तर आलं, "मॅडम, एकदम स्पष्ट. नवीन कार्ड बनवते, आधी तुम्हाला ऐकवते, मगच टाकते." त्याखाली डॉक्टरांचं आलं, बाई ग्रुपवर राहतील म्हणून. मग तरुण नर्सेसचे अंगठे एकामागून एक येत राहिले. कौसल्येने ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. बाई ऐकत होत्या.

"त्या निकिताले रागवू नोको," त्या म्हणाल्या. "पोरगी कामाची हाय. स्वतःचं नाव लिहिलं तिनं."

"नाही रागवत, बाई."

"आता रोज असंच म्हणावं लागन. पुरं." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्याची काही गरज नव्हती. "कसंतरीच वाटलं व कौसल्ये. वर्ग सुटल्यावानी वाटलं."

कौसल्येला काहीतरी बोलायचं होतं. तसं नाही बाई, असं काहीतरी. पण बाईंनीच आता गप्प राहायला सांगितलं होतं, आणि बोलता आलं असतं तरी ते खरं नव्हतं. ती उठून त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली, त्यांचा तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि तोंडातून शब्द न काढता मनसोक्त रडली.